बांधले अहिल्याबाईंनी, सांभाळायचे कोणी?

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘होळकरकालीन वास्तूंचे जतन’ असा विषय दिला आहे. विषय ऐकल्याबरोबर आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजवाडा उभा राहिला असेल. साहजिक आहे. इंदूरच्या मराठी माणसाला रस्ता सांगायचा झाला तरी तो राजवाड्यापासूनच सांगतो. (हिंदी वर्तमानपत्रे त्याला अजून ‘राजबाड़ा’ छापतात, त्याबद्दल आपण पन्नास वर्षे कुरकुरतो आहोत, पुढची पन्नास वर्षेही कुरकुरू.) पण मी आज राजवाड्यावर फार वेळ घालवणार नाही, आणि का घालवणार नाही तेही आधी सांगतो.

राजवाडा जळाला आहे, एकदा नव्हे. १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैन लुटल्याचा सूड म्हणून सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आला तेव्हा जळाला. १९८४ च्या दंगलीत जळाला, तो धूर पाहिलेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, त्यामुळे आग लागली की वरचे सगळे जाते. तरी वास्तू उभी आहे. मागचा भाग २००६-०७ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने पुन्हा बांधला गेला. अलीकडे स्मार्ट सिटीच्या पैशातून दर्शनी भागाचीही दुरुस्ती झाली. २० मे २०२५ रोजी तर अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच तिथे भरली. भर बाजारात, रोज लाखो डोळ्यांसमोर असलेली वास्तू पडू देणे कुठल्याही सरकारला परवडत नाही. राजवाड्याचा एक वासा निखळला तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी असते. त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत.

मला काळजी आहे ती डोळ्यांआड असलेल्या वास्तूंची. काशीचा अहिल्या घाट, हरिद्वारचा कुशावर्त घाट, पंढरपूरचा होळकर वाडा, कुठे एखादी धर्मशाळा, कुठे विहीर, कुठे चार ओवऱ्या आणि एक पुजारी. अहिल्याबाईंचे मोठेपण आपण ज्यांच्यावरून सांगतो त्या या वास्तू. काशी विश्वेश्वर १७८०, सोमनाथ १७८३, गयेचे विष्णुपद १७८७, हे आकडे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. भाषण स्पर्धेत एक मुलगा तरी ते म्हणून दाखवतोच. पण बांधल्यावर त्या वास्तू दोनशे-सव्वादोनशे वर्षे टिकल्या कशा, हा प्रश्न मी कुठल्या स्पर्धेत ऐकलेला नाही. माझ्या मते बाईंचे खरे कर्तृत्व त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

१७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली. दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलतीचा पैसा फौजेला, राज्यकारभाराला. खासगीचा पैसा घराण्यातल्या कर्त्या स्त्रीच्या हातात. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी देशभर जे बांधले ते मुख्यतः या खासगीतून. हे बारकाईने समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा कोर्टाचा झगडा या एका शब्दाभोवती झाला. सरकारी तिजोरीतला पैसा नव्हता, आणि आपल्या आजच्या अर्थाने ‘प्रायव्हेट’ही नव्हता. खासगी म्हणजे एका पदाबरोबर येणारी मिळकत, आणि बाईंनी ती धर्मादायाला लावून टाकली.

दुसरी गोष्ट. बाईंनी देऊळ बांधले की त्याची नेमणूक लावून दिली. नेमणूक म्हणजे नुसता पगार नव्हे. नैवेद्याला किती, दिवाबत्तीला किती, पुजाऱ्याला काय, अन्नछत्राला काय, आणि हे सगळे कोणत्या गावाच्या किंवा जमिनीच्या उत्पन्नातून यायचे, ते ठरवून कागदावर लिहून दिलेले. आता बघा, जमिनीचे उत्पन्न धान्याबरोबर वाढते. तांदूळ महागला तर जमिनीचे उत्पन्नही चढते, म्हणजे नैवेद्य बंद पडत नाही. महेश्वरला मातीची पार्थिव लिंगे करून त्यांची पूजा करून नर्मदेत विसर्जन करण्याचा नेम आजही चालू आहे. भक्ती आहे म्हणून चालू आहे, हे खरेच. पण त्या भक्तीला कोणीतरी शिधा लावून दिला होता म्हणूनही चालू आहे. आपण भक्तीची गोष्ट सांगतो आणि शिध्याची विसरतो.

आता १९४८ कडे येतो. संस्थाने विलीन झाली, मध्य भारत राज्य झाले. विलीनीकरणाच्या करारमदारात खासगीचे उत्पन्न सरकारात जमा झाले आणि त्याच्या बदल्यात धर्मादायासाठी वार्षिक रक्कम ठरली: २,९१,९५२ रुपये. त्या काळी ती लहान नव्हती. पण ती रुपयांत ठरली, आणि रुपया जमिनीसारखा वाढत नाही. ज्या संस्थेचे उत्पन्न पावणेदोनशे वर्षे धान्याच्या भावाला बांधलेले होते, ते एका सहीने आकड्याला बांधले गेले. १९६२ मध्ये या धर्मादायासाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे म्हणून पुढे कोर्टात ज्या मालमत्तांची यादी आली, त्या आहेत २४६. देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंडे, दोन डझनांहून अधिक गावांत पसरलेल्या. करारातला आकडा या २४६ वर वाटून पाहा. एका मालमत्तेमागे वर्षाला बाराशे रुपयांहून कमी येतात, म्हणजे महिन्याला साधारण शंभर रुपये. शंभर रुपयांत आज समईचे तेलही येत नाही, घाटाची पायरी कुठून बसवणार?

पैसा कमी पडला की कुठल्याही विश्वस्तांपुढे ओळखीचेच मार्ग उरतात. भाड्याने द्या, पडू द्या, नाहीतर विका. काही मालमत्ता विकल्या गेल्या. त्यात हरिद्वारचा कुशावर्त घाट आला आणि ओरड झाली. विश्वस्तांत सरकारने नेमलेले अधिकारीही होते, हे इथे विसरू नका. ‘राजघराण्याने केले’ किंवा ‘सरकारने केले’ असे एका वाक्यात मोकळे होण्यासारखे ते प्रकरण नाही. विक्रीमागे हेतू काय होता यावर मी बोलणार नाही. तो ठरवणारे दुसरे आहेत.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदूर खंडपीठाने निकाल दिला की या मालमत्ता राज्य सरकारच्या आहेत, विक्री टिकत नाही, आणि चौकशी व्हावी. तेव्हा आपल्या समाजातही दोन तट पडले होते. एकाला वाटले, बरे झाले, आता सरकार सांभाळेल. दुसऱ्याला वाटले, होळकरांचे होते ते सरकारने गिळले. चहाच्या पेल्यावर मैत्र्या तुटायची वेळ आली होती. मग २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि मला वाटते त्याने दोन्ही तटांना गप्प करायला हवे होते. न्यायालय म्हणाले, मालमत्ता राज्य सरकारच्या नाहीत. पण हा ट्रस्ट सार्वजनिक न्यास आहे, आणि मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे. आणि झालेल्या विक्री-व्यवहारांचे कागद मागवून, न्यासाचे नुकसान झाले का, हे त्या कायद्याखालच्या निबंधकांनी तपासावे.

हा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? वर्तमानपत्रात बातमी आली, ‘ट्रस्टला दिलासा’, आणि विषय संपला. पण त्याचा अर्थ साध्या भाषेत असा आहे की कुशावर्त घाट राजाचा नाही आणि सरकारचाही नाही. तिथे स्नानाला जाणाऱ्याचा आहे. आणि कायद्याने त्याला आता एक संरक्षण मिळाले आहे: १९५१ च्या कायद्यात निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीस देता येत नाही. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर देता येत नाही. निबंधक म्हणजे कोणी दिल्लीतला दूरचा माणूस नव्हे, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत बसतो. ती कचेरी इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

मंडळी, मी राजकारणाचे बोलतो आहे हे आपल्या लक्षात आले असेल. आपल्या पत्रिकेवर ‘राजकीय’ हा शब्द छापलेला असतो आणि काही ज्येष्ठांना तो खटकतो. राजकारण म्हणजे पुतळ्याला हार कोणी घालायचा, यावरचे भांडण, असे आपण समजत आलो. त्रिशताब्दीच्या वर्षात ते पुष्कळ झाले. ३१ मे आला की सगळ्या पक्षांच्या गाड्या निघतात, आणि त्या पाहून आपल्याला बरे वाटते, वाटायलाही हवे. पण मी त्या वर्षात एकाही उमेदवाराला, एकाही आमदाराला आपल्या माणसांनी विचारलेले ऐकले नाही की साहेब, त्या २४६ वास्तूंची यादी कुठे पाहायला मिळेल? त्यातल्या किती चालू आहेत? कितींवर अतिक्रमण आहे? या प्रश्नाला भाषण चालत नाही, कागद लागतो.

आता थोडे कडू बोलतो. हा प्रश्न आपण विचारला नाही कारण आपल्याला वाटते, हे ‘आपलेच’ आहे. आपल्या पूर्वजांनी होळकरांची कारकुनी केली, फडणिशी केली, म्हणून या वास्तूंवर आपला भावनेचा हक्क आहे आणि तो पुरे आहे. तो पुरत नाही. काशीच्या घाटावर बसलेला तिथला नावाडी आणि पंढरपूरचा वारकरी या वास्तू रोज वापरतो. आपण दहा वर्षांतून एकदा जाऊन फोटो काढतो. कायद्यापुढे त्याचा हक्क आपल्याइतकाच आहे, मला विचाराल तर काकणभर जास्त. म्हणून ही मागणी ‘मराठी माणसाचा वारसा’ म्हणून करू नका. नागरिक म्हणून करा, लाभार्थी म्हणून करा. सार्वजनिक न्यासात लाभार्थ्याला किंमत असते. अस्मितेला निबंधकाच्या दप्तरात रकाना नाही.

आणि वापराचे म्हणाल तर तोही जपून. इथल्या गोपाळ मंदिराचे उदाहरण घ्या. कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधलेले, स्मार्ट सिटीत सुरेख दुरुस्त झालेले. २०२५ मध्ये तिथे लग्नाचा मांडव पडला आणि शहरभर बोंब झाली. देवळात लग्न लागणे पाप नाही, आपल्याकडे ते शेकडो वर्षे लागत आले आहे. पण दुरुस्त केलेल्या वास्तूत काय चालेल, काय चालणार नाही, जेवणावळीची भट्टी कुठे पेटेल, हे आधी लिहून ठेवायला नको का? बाईंच्या काळी नैवेद्याच्या तुपाचेसुद्धा माप लिहिलेले असे. आपण कोट्यवधी खर्चून लाकूडकाम करतो आणि वापराचा नियम मात्र बोंब झाल्यावर शोधतो.

जे आपल्यालाच करता येईल आणि दुसऱ्या कोणाला सहज करता येणार नाही, ते वेगळे आहे. ते म्हणजे मोडी. खासगीची, नेमणुकांची, वहिवाटीची पुष्कळ कागदपत्रे मोडीत आहेत. सरकारी दप्तरात आहेत ती आहेत. पण आपल्या घरांत, माळ्यावर, देवघराखालच्या पेटीत जे रुमाल बांधून ठेवले आहेत त्यांचे काय? जुनी इंदूर, रामबाग, मल्हारगंज इथल्या घरांत असे रुमाल होते. वाडे गेले तसे तेही गेले. आपलेच वाडे आपण विकले, भावाभावांत वाटण्या झाल्या, मुले पुण्याला नाहीतर परदेशात गेली, चार मजली इमारत उठली. त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. पडका वाडा सांभाळणे पेन्शनीत बसत नाही. पण वाडा विकताना त्यातले रुमाल रद्दीत घालायला बिल्डरने सांगितले नव्हते. एखाद्या कागदावर अमुक घाटाच्या अमुक पुजाऱ्याला अमुक जमिनीतून वर्षासन, एवढी एक ओळ असेल. ती ओळ कोणत्या दाव्यात उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही. ती नसेल तर काय होते हे मात्र आपण कुशावर्ताच्या बाबतीत पाहिले आहे: घाट कोणाचा हे ठरायला दोन न्यायालये आणि कित्येक वर्षे लागली.

अहिल्याबाईंच्या हुकुमांवर ‘श्री शंकर आज्ञेवरून’ असे असे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या ओळीच्या वरचा मजकूर वाचता येणारी किती माणसे आज या सभागृहात आहेत? हात वर करा म्हणत नाही, मला आपली अडचण करायची नाही. मोडी शिकायला विद्वत्ता लागत नाही; आपल्या पणजोबांनी ती कारकुनी करता करता घटवली होती. निवृत्त माणसाला सहा महिने पुरतात. सुनांना, नातवंडांना बोलवा. मुले आपल्याहून लवकर शिकतात, कारण ती घोटीव अक्षराला घाबरत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, तेव्हा आपण इथे पेढे वाटले. त्या १२ पैकी ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. माळव्यातले त्यात एकही नाही, आणि लगेच कोणीतरी विचारले, महेश्वरचा का नाही? प्रश्न चुकीचा नाही. पण यादीत जाण्यासाठी आधी आपल्याकडे यादी पाहिजे. वास्तू कोणती, मालक कोण, नकाशा कुठे, दुरुस्ती कधी झाली, पैसा कोठून येतो. जिंजीला तमिळनाडूत कोणी मराठी समाजाने सांभाळले नाही. तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात होता, कागद जागेवर होते, म्हणून तो त्या यादीत बसू शकला. आपल्याला हे थोडे टोचायला हवे.

तर कार्यकारिणीपुढे मी काय ठेवले आहे ते सांगतो. निबंधकांकडे अर्ज करून खासगी न्यासाच्या नोंदणीची आणि मालमत्तांच्या यादीची नक्कल मागायची. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागायची. विक्री-व्यवहारांची तपासणी कुठवर आली हे लेखी विचारायचे. अर्ज मंडळाच्या नावाने जाईल, पण त्याखाली शंभर सह्या असल्या तर उत्तर लवकर येते, हा माझा कचेऱ्यांचा अनुभव आहे. पुढच्या महापालिका आणि विधानसभा निवडणुकीत जो उमेदवार मते मागायला येईल, त्याला गणपतीच्या मांडवात श्रीफळ देण्याआधी हाच एक कागद दाखवायचा. पक्ष कोणताही असो. राज्याने धर्मादायाची वार्षिक रक्कम महागाईच्या निर्देशांकाला बांधावी, एवढी एकच मागणी त्या कागदावर आहे. पुतळा नको, कमान नको, चौकाला नाव नको. बाईंनी ज्या तत्त्वावर नेमणूक लावली होती ते तत्त्व परत आणा, एवढेच मागायचे आहे.

आणि आपल्यापैकी जे यंदा काशीला, गयेला, त्र्यंबकेश्वराला, पंढरपूरला जाणार आहेत, त्यांच्यासाठी मंडळाने एक छापील पान तयार केले आहे. वास्तूचे नाव, कोणत्या दिवशी पाहिली, पुजारी किंवा रखवालदार आहे का, कुलूप कोणाचे आहे, पायऱ्या-छप्पर कसे आहे, आत कोण राहते, फलक आहे का आणि त्यावर काय लिहिले आहे, एवढेच प्रश्न. कोणाशी वाद घालू नका, मोबाईलवर दोन फोटो घ्या आणि पान भरून परत आणा. पंढरपूरची चार पाने आषाढीला जाऊन आलेल्यांनी आधीच भरून दिली आहेत, त्यातल्या एका आजींनी तर ओवरीचे खांब मोजून आणले. बाकीची पाने बाहेर टेबलावर ठेवली आहेत, आणि ज्यांच्या घरी रुमाल आहेत त्यांनी शेजारच्या वहीत नाव आणि पत्ता लिहावा. कागद कोणी घेऊन जाणार नाही. आपला एक तरुण कॅमेरा घेऊन घरी येईल, तुमच्यासमोर फोटो काढेल, आणि रुमाल जसा होता तसा पुन्हा बांधून देईल.